सौजन्य : इंटरनेट

(वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



गेली अठ्ठावीस वर्षे मी कॅमेऱ्यावर पोट भरतो आहे. लग्ने केली, बारशी केली, वर्तमानपत्रांना फोटो दिले. आषाढ आला की मात्र सगळी कामे बाजूला ठेवून चार दिवस वारीबरोबर चालतो. आजचा विषय मीच व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांकडे मागून घेतला आणि त्याची सुरुवात त्या वारीतच आहे.

२०१६ साली मी दिवे घाटाच्या एका वळणावर दोन तास उभा होतो. पाऊस थांबत नव्हता. घाटाची वळणे पताकांनी भरून गेली होती. तेवढ्यात एक आजी कठड्याला टेकल्या. एका हाताने डोक्यावरची तुळस सावरत दुसऱ्या हाताने त्या पदर पिळत होत्या. पाण्याची धार खाली पडतेय, तुळस जरासुद्धा हललेली नाही आणि मागे सगळा घाट. मला एकच फोटो मिळाला. दुसऱ्यांदा बोट दाबेपर्यंत त्या पुढे निघाल्या होत्या. रात्री सासवडला पोहोचल्यावर मी तो फेसबुकवर टाकला. उजवीकडे खालच्या कोपऱ्यात माझे नाव होते.

पुढच्या आषाढात आमच्या चौकात दहा फुटी फ्लेक्स लागला. माझ्याच आजी, माझाच घाट. उजव्या कोपऱ्यात माझ्या नावाच्या जागी एका नेत्याचे हात जोडलेले छायाचित्र होते. मी फ्लेक्सच्या दुकानात गेलो. दुकानातला मुलगा पंचविशीचा असेल. म्हणाला, "सर, गुगलवरून घेतला. गुगलवरचं फ्री असतं ना?" तो खोटे बोलत नव्हता. त्याला खरेच तसे वाटत होते. बोलता बोलता तो स्वतःचे गाऱ्हाणे सांगू लागला. नावांची अक्षरे तो आधी हाताने काढतो, मग स्कॅन करतो. त्याने काढलेले 'जय हरी' पलीकडच्या गल्लीतला दुकानदार जसेच्या तसे उचलतो. "त्याला मी काय करू?" असे त्याने मलाच विचारले. माझा राग तिथेच ओसरला. आम्ही दोघे एकाच दुखण्याचे रोगी होतो.

श्रोतेहो, फोटोखाली 'सौजन्य : इंटरनेट' असे छापलेले तुम्ही रोज वाचता. अंकात असते, स्मरणिकेत असते, शाळेच्या हस्तलिखितातही असते. सौजन्य दाखवायला समोर माणूस लागतो. इंटरनेटने आजवर एकही फोटो काढलेला नाही. तिथल्या प्रत्येक चित्रामागे कुणीतरी उन्हात उभे राहिलेले असते, कुणीतरी रात्री दिव्याखाली कुंचला धुतलेला असतो. त्या माणसाचे नाव शोधायचा कंटाळा आला की आपण ते दोन शब्द छापून मोकळे होतो.

आता कायदा काय म्हणतो ते सांगतो. आपला कॉपीराइटचा, म्हणजे प्रताधिकाराचा कायदा १९५७ चा. 'कलाकृती' या शब्दाच्या व्याख्येत त्याने चित्र, शिल्प, रेखाटन यांच्या जोडीला छायाचित्र घेतले आहे, आणि त्यात कलागुण असो वा नसो, असे स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे प्रदर्शनात लागलेला फोटो आणि तुम्ही मोबाइलवर काढलेला अंगणातल्या जास्वंदीचा फोटो, कायद्याला दोन्ही सारखेच. हक्क कधी निर्माण होतो? फोटो निघाला त्या क्षणी. नोंदणी सक्तीची नाही, तो गोल केलेला इंग्रजी 'सी' छापणेही सक्तीचे नाही. हक्क किती काळ? निर्मात्याच्या हयातभर आणि मृत्यूनंतर साठ वर्षे. छायाचित्रांना पूर्वी प्रसिद्धीपासून साठच वर्षे मिळत. २०१२ च्या दुरुस्तीने फोटोग्राफरला चित्रकाराच्या शेजारी बसवले. मला हे फार मोलाचे वाटते.

या साठ वर्षांचा हिशेब आपल्या घरातल्या भिंतीवर करून बघू. राजा रविवर्मा १९०६ साली गेले, धुरंधर १९४४ साली. त्यांची चित्रे आता सगळ्यांची झाली आहेत, खुशाल छापा. पण दीनानाथ दलाल गेले १९७१ साली आणि रघुवीर मुळगावकर १९७६ साली. दलालांच्या चित्रांवरचा हक्क २०३१ अखेरपर्यंत जिवंत आहे, मुळगावकरांचा २०३६ अखेरपर्यंत. जुन्या दिवाळी अंकांची मुखपृष्ठे, कॅलेंडरवरचे देव आपण सकाळी उठून एकमेकांना पाठवतो. घरच्या घरी बघण्याबद्दल मी बोलत नाही. पण तीच चित्रे कुणी कपांवर आणि टी-शर्टवर छापून विकतो, तेव्हा तो कुणाच्या तरी वारसाच्या ताटातले उचलतो. त्या वारसांना कुणी साधा फोनही करत नाही.

आता माझ्या व्यवसायबंधूंना न रुचणारी गोष्ट. लग्नाचे फोटो कुणाचे? फोटोग्राफर म्हणतो, माझे. कायद्याचे कलम १७ म्हणते, पैसे घेऊन, दुसऱ्याच्या सांगण्यावरून काढलेल्या फोटोचा पहिला मालक पैसे देणारा. उलट करार असेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे नवरीचा फोटो तिला न विचारता स्टुडिओच्या शोकेसमध्ये लावायचा आपला जो जुना रिवाज आहे, आणि आता इन्स्टाग्रामवर टाकायचा, तो कायद्यात बसत नाही. मी स्वतः पंधरा वर्षे असे फोटो लावले. आता बुकिंगच्या पावतीमागेच दोन ओळी छापल्या आहेत: निवडक फोटो कामाचा नमुना म्हणून दाखवायला संमती आहे / नाही. लोक सही करतात. नाही म्हणणारेही असतात; त्यांचे फोटो माझ्या कपाटाबाहेर जात नाहीत. वर्तमानपत्राच्या नोकरीत काढलेल्या फोटोचे आणखी निराळे. तसा करार नसेल तर अंकात छापण्यापुरता हक्क मालकाचा, बाकी सगळा फोटोग्राफरचा. कित्येक जुन्या छायाचित्रकारांना हे निवृत्तीनंतर कळले.

मालकी गेली तरी एक गोष्ट उरते: नाव. कलम ५७ म्हणते की हक्क विकून टाकला तरी 'हे माझे काम आहे' असे सांगायचा आणि कामाची मोडतोड करून बदनामी होत असेल तर ती थांबवायचा अधिकार कलावंताकडेच राहतो. शिल्पकार अमरनाथ सेहगल यांचे प्रकरण यातले थोर उदाहरण. दिल्लीच्या विज्ञान भवनात त्यांचे ब्राँझचे प्रचंड भित्तिशिल्प होते. सरकारने सांगितले म्हणून घडवलेले, सरकारने पैसे मोजलेले. १९७९ साली ते त्यांना न विचारता भिंतीवरून उतरवले आणि गुदामात टाकले. तुकडे झाले, काही हरवले. सेहगल कोर्टात गेले. निकाल लागायला २००५ उजाडले. दिल्ली उच्च न्यायालयाने उरलेले शिल्प त्यांना परत द्यायला लावले आणि वर पाच लाखांची भरपाई दिली. शिल्पाचा मालक सरकार, पण त्याची अब्रू शिल्पकाराची. हे वाक्य माझे आहे, न्यायालयाचे नाही. त्या निकालातून मला जे समजले ते असे.

माझ्या फ्लेक्सकडे परत येतो. कोपऱ्यातले नाव कापले गेले होते. २०१२ च्याच दुरुस्तीने कायद्यात कलम ६५-ब आले. कलाकृतीवरची निर्मात्याच्या नावाची, हक्काची माहिती जाणूनबुजून, अधिकार नसताना काढून टाकणे हा गुन्हा आहे, आणि त्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मी त्या मुलावर तक्रार केली नाही. पण हे कलम मी त्याला वाचून दाखवले. त्याने त्या कलमाचा फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवला, पलीकडच्या गल्लीसाठी.

"पण मीच फेसबुकवर टाकला, मग तो जगाचा झाला ना?" हा प्रश्न मला प्रत्येक गावात येतो. त्याचे उत्तर हैतीच्या भूकंपात मिळाले. जानेवारी २०१० मध्ये डॅनियल मोरेल या छायाचित्रकाराने भूकंपाचे फोटो ट्विटरवर टाकले. दुसऱ्याच एका माणसाने ते स्वतःच्या खात्यावर स्वतःचे म्हणून चढवले, आणि एएफपी या वृत्तसंस्थेने ते त्या माणसाच्या नावाने जगभर पाठवले. मोरेल लढले. ट्विटरच्या अटींमुळे वृत्तसंस्थेला हे फोटो वापरायचा परवाना मिळत नाही, असे न्यूयॉर्कच्या न्यायालयाने म्हटले, आणि २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये ज्युरीने मोरेल यांना सुमारे बारा लाख डॉलरची भरपाई दिली. फोटो टाकताना आपण त्या कंपनीला तो दाखवायची परवानगी देतो. रस्त्याने जाणाऱ्याला देत नाही. घराच्या ओट्यावर वाळत घातलेले पापड सगळ्यांना दिसतात म्हणून ते सगळ्यांचे होत नाहीत.

मग जपायचे कसे? पहिला सल्ला सगळे देतात, छोटा फोटो टाका. अर्धाच खरा आहे तो. बाराशे पिक्सेल रुंदीचा फोटो पुस्तकात नीट छापायचा तर इंचाला तीनशे ठिपके लागतात, म्हणजे तो चार इंचांच्या पुढे जात नाही. कॅलेंडरवाल्याला तो निरुपयोगी. पण मी माझा फ्लेक्स मोजून आलो होतो. दहा फूट म्हणजे एकशेवीस इंच आणि माझा फेसबुकवरचा फोटो २०४८ पिक्सेलचा. इंचाला जेमतेम सतरा ठिपके. रस्त्याच्या पलीकडून तो छानच दिसत होता. छोटा फोटो छापखान्यापासून वाचवतो, फ्लेक्सपासून वाचवत नाही. कोपऱ्यातले नाव कात्रीच्या वाटेतच असते, म्हणून आता मी ते चित्राच्या आत, कापले तर चित्रच बिघडेल अशा जागी, बारीक अक्षरांत घालतो. आजींच्या फोटोत ते आता कठड्याच्या दगडावर आहे. संगणकाने तेही पुसता येते. येऊ दे. पुसायला बसणाऱ्याला आपण काय करतो आहोत हे तेव्हा ठाऊक असते.

खरा आधार आहे तो मूळ फाइलचा. कॅमेऱ्यातून आलेली रॉ फाइल कुणाला देऊ नका, पुसू नका, दोन ठिकाणी ठेवा. आधीचे आणि नंतरचे चार फोटोही ठेवा. चोराकडे एकच फोटो असतो, तुमच्याकडे ती सगळी सकाळ असते. चित्रकारांनी कच्ची रेखाटने जपावीत. एखादे काम मोठे असेल, त्यावर पुढे पैसा फिरणार असेल, तर पाचशे रुपये भरून नोंदणी करून घ्या. मालावर वापरायचे चित्र असेल तर दोन हजार. हक्क नोंदणीने जन्मत नाही, पण कोर्टात हातात कागद असलेला बरा.

आणि चोरी सापडली तर? आधी स्क्रीनशॉट घ्या, तारखेसह, पत्त्यासह. गुगल लेन्समध्ये आपला फोटो टाकून तो आणखी कुठे आहे ते पाहा. मग वापरणाऱ्याला सभ्य भाषेत लिहा. माझ्या अनुभवात दहातले सहा-सात जण माफी मागून काढतात किंवा नाव घालतात. नाही ऐकले तर ज्या संकेतस्थळावर तो आहे त्यांना लेखी तक्रार द्या. २०१३ च्या नियमांप्रमाणे तक्रार रीतसर असेल तर त्यांनी ३६ तासांत तो मजकूर दिसेनासा करायचा असतो, २१ दिवसांसाठी. तेवढ्यात तुम्ही न्यायालयाचा आदेश आणायचा. आणि खटला भरायला मुंबई-दिल्लीला जावे लागत नाही. कलम ६२ प्रमाणे तुम्ही जिथे राहता किंवा व्यवसाय करता, तिथल्या जिल्हा न्यायालयात तो भरता येतो. हे मला वीस वर्षांपूर्वी कुणी सांगितले असते तर काही पत्रे मी वेगळी लिहिली असती.

तरुण मुलांसाठी एक गोष्ट कळकळीने सांगतो. आपले हक्क चोरांपेक्षा स्पर्धांच्या नियमपत्रकांत जास्त जातात. 'आलेल्या सर्व छायाचित्रांचे सर्व हक्क आयोजकांकडे राहतील.' सर्व म्हणजे बक्षीस न मिळालेल्यांचेसुद्धा. तीन हजारांच्या पहिल्या बक्षिसासाठी आयोजकांना चारशे फोटोंचा संग्रह फुकट मिळतो. मीही एका अशा स्पर्धेत घाटाचे बारा फोटो देऊन बसलो आणि त्यातले दोन पुढे जाहिरातीत पाहिले. हक्क द्यायचा तर लेखी द्या, आणि किती वर्षे, कुठे, कशासाठी ते लिहा. मुदत लिहिलीच नाही तर कायदा पाच वर्षे धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. म्हणजे कायदाही तुमच्या बाजूने थोडा झुकलेला आहे. पण 'कायमचे' आणि 'जगभर' या शब्दांखाली सही केली की त्याचाही इलाज नाही.

काल मला इथल्याच महाविद्यालयातल्या एका मुलीने जिल्ह्यातल्या एका फोटो स्पर्धेचे नियमपत्रक पाठवले. शेवटचा दिवस परवा आहे. पत्रकातले कलम नऊ मी लाल पेनाने अधोरेखित करून आणले आहे. फोटो पाठवायचा आणि हक्कही आपल्याकडे ठेवायचा, तर आयोजकांना काय लिहावे याचा मसुदा केला आहे. व्याख्यान संपल्यावर मी बाहेर आंब्याखालच्या बाकावर बसतो. ज्यांनी ज्यांनी त्या स्पर्धेसाठी फोटो काढून ठेवले आहेत, त्यांनी पत्रक घेऊन या. दहा मिनिटांत पत्र होईल.