खेळणाऱ्याच्या बोटांकडे बघा



आज व्हिडिओ गेमविषयी बोलायचं आहे, आणि तेही कला म्हणून. रेडिओवर चित्र दाखवता येत नाही ही काहींना अडचण वाटेल, मला ती सोय वाटते. गेम म्हटली की आपण आधी पडद्याकडे बघतो, माणसं किती खरी दिसतात, गाड्या किती चकाकतात ते बघतो आणि त्यावरून मत देऊन मोकळे होतो. पण गेमची खरी कारागिरी दुसरीकडेच असते. ती खेळणाऱ्याला काय करायला लावते, कुठे अडवते, कुठे फसवते आणि एक अक्षर न बोलता काय शिकवते, ते बघायचं. म्हणजे पडद्याकडे थोडं आणि खेळणाऱ्याच्या बोटांकडे जास्त. शेजारी बसून ओरडणाऱ्यांकडेही लक्ष असू द्या, कारण पुष्कळदा अर्धी गेम त्यांच्यातच चाललेली असते.

वाशीम, रिसोड, कारंजा, मंगरूळपीर, कुठल्याही गावात नव्वदच्या दशकात लहान असलेल्या माणसाला विचारा. डबा टीव्हीच्या मागे अँटेनाच्या जागी वायर खुपसायची, मुंग्यांतून चॅनल शोधायचं, कॅसेट काढून तिच्या तोंडात फुंकर मारायची आणि पुन्हा दाबून बसवायची. जपानच्या निन्टेंडो कंपनीने १९८३ मध्ये फॅमिकॉम नावाचं यंत्र काढलं. त्याच्या नकला जगभर निघाल्या आणि त्याच आपल्याकडे ‘व्हिडिओ गेम’ या साध्या नावाने घरोघर आल्या. कॅसेटवर ‘९९९९ इन १’ छापलेलं असायचं. आत मोजक्याच गेम, बाकी त्याच गेम वेगळ्या नावाने किंवा पुढच्या स्टेजपासून सुरू होणाऱ्या. पण उन्हाळ्याच्या सुट्टीला तेवढ्या पुरायच्या. बहुतेक गेमना ‘इथपर्यंत आलो’ हे लक्षात ठेवायची सोय नव्हती, त्यामुळे भारनियमनाच्या काळात शेवटच्या स्टेजला लाईन गेली की सगळं पहिल्यापासून. माझ्या पिढीच्या संयमाचं मूळ मी तिथे शोधतो.

या कॅसेटींत एक गेम हमखास असायची. तिचं खरं नाव ‘बॅटल सिटी’, पण सगळे तिला ‘टँक’ म्हणत. नामको कंपनीची, १९८५ ची. गंमत अशी की फॅमिकॉमवरची ही गेम अधिकृतपणे जपानबाहेर विकायला आलीच नव्हती. त्या काळी अमेरिकेतल्या पोराला ती दुकानात मिळत नसे, आणि आपल्याकडे ती तोंडपाठ होती.

ही गेम नीट पाहू. पडद्याच्या तळाशी मधोमध एक गरुड, त्याभोवती विटांची एका थराची भिंत. वरून शत्रूचे रणगाडे येतात, एका स्टेजला वीस. तुम्ही दोघं खेळताय, एकाचा टँक पिवळा, दुसऱ्याचा हिरवा. गरुड फुटला की दोघांचाही खेळ संपला, मग कितीही लाइफ शिल्लक असोत. आता बारकावा बघा. शत्रूच्या गोळीने वीट फुटते, तशी तुमच्याही गोळीने फुटते. घाईघाईने खाली वळून गोळी सोडली तर तुमचाच गरुड तुमच्याच हातून जातो. भिडूला गोळी लागली तर तो मरत नाही, काही क्षण जागच्या जागी गोठतो. नेमका तेव्हाच एखादा रणगाडा बाजूने उतरलेला असतो. ‘काहून मारलं बे मले?’ ‘तू मधात काहून आला?’ हे भांडण कुठल्याही पुस्तिकेत लिहिलेलं नाही, पण बनवणाऱ्याने ते नियमातच पेरून ठेवलं आहे. शस्त्र एकच, तेच राखणारं आणि तेच घात करणारं. इतक्या थोड्या सामग्रीत एवढं नाट्य उभं करणं सोपं नाही. शिवाय याच गेममध्ये ‘कन्स्ट्रक्शन’ म्हणून एक भाग होता. त्यात विटा, पोलाद, पाणी, झाडी मांडून स्वतःची स्टेज रचता यायची. गरुडाभोवती पोलादाचा किल्ला बांधून ज्याने कधी ती खेळून पाहिली, त्याला लगेच कळलं की धोका काढून घेतला की गेममध्ये काही राहत नाही.

आता मारिओ. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ १९८५ च्या सप्टेंबरात जपानमध्ये आली. शिगेरू मियामोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती अवघ्या चाळीस किलोबाइटमध्ये बसवली. सकाळी व्हॉट्सॲपवर येणारा सुप्रभाताचा फोटो याहून मोठा असतो. जागा वाचवायला ढग आणि झुडूप यांचा आकार एकच ठेवला, फक्त रंग बदलला. ज्यांनी शेकडो वेळा खेळली त्यांनाही हे सांगेपर्यंत दिसत नाही.

पण मी उडीबद्दल बोलणार आहे. बटण नुसतं टेकवलं तर मारिओ छोटी उडी मारतो, दाबून धरलं तर उंच. हवेत असतानाही त्याला थोडं मागे-पुढे वळवता येतं. खऱ्या जगात हे शक्य नाही, आणि गेममध्ये हे नसतं तर दोन मिनिटांत कंटाळा आला असता. ही उडी शिकवायला कुठेही सूचना नाही. पहिल्या स्टेजला मारिओ डावीकडे उभा असतो आणि उजवीकडे सगळं मोकळं असतं, म्हणून हात आपोआप उजवीकडे जातो. समोरून एक तपकिरी गडी चालत येतो. त्याला धडकलात तर मेलात, उडी मारलीत तर वाचलात. पुढे डोक्यावरच्या ठोकळ्यातून मशरूम निघतं, घरंगळत जातं, पाइपला धडकतं आणि तुमच्याच अंगावर परत येतं. घाबरून उडी मारावी तर वर ठोकळे आहेत, डोकं आपटून बरेचदा तुम्ही त्याच मशरूमवर पडता आणि मोठे होता. झाला धडा. याच स्टेजच्या शेवटाकडे पायऱ्यांच्या दोन जोड्या आहेत. पहिल्या जोडीच्या मधे जमीन आहे, पडलात तरी काही होत नाही. दुसऱ्या जोडीत तीच उडी, पण मधे खड्डा. आधी सुरक्षित सराव, मग परीक्षा. आमच्या कितीतरी शिक्षणतज्ज्ञांना हे साधलेलं नाही.

इथे रेडिओच्या श्रोत्यांसाठी खास काम आहे. मारिओचं संगीत कोजी कोंदो यांचं. त्या यंत्रात एका वेळी मोजकेच आवाज निघत. दोन चिरके सूर, एक खालचा गोल सूर, ठेक्यासाठी खरखर, एवढ्यावरच प्रामुख्याने काम भागवायचं. आता मारिओ उडी मारेल तेव्हा कान देऊन ऐका. उडीचा आवाजही त्या दोन चिरक्या सुरांपैकी एकातूनच काढावा लागतो, त्यामुळे तेवढ्यापुरता गाण्यातला एक सूर गप्प होतो आणि उडी संपली की परत येतो. म्हणजे खेळणारा न कळत गाण्यात हात घालत असतो. आणि वेळेचा आकडा शंभराखाली गेला की लय दुप्पट वाटावी इतकी चढते, आणि खेळणाऱ्याची पाठ ताठ होते. ही युक्ती जुनी आहे. १९७८ च्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्ये चार जड सूर धप्-धप् वाजत राहतात. परग्रहावरचे शत्रू कमी होत जातात तसे उरलेले वेगाने सरकतात, कारण यंत्राला कमी चित्रं हलवावी लागतात, आणि त्याबरोबर ते सूरही वेग घेतात. यंत्राचा दुबळेपणा होता, गेम बनवणाऱ्या तोमोहिरो निशिकादो यांनी तो तसाच ठेवला आणि त्यातून थरार मिळाला.

घराबाहेरची मजा व्हिडिओ गेम पार्लरमध्ये. आकाशी-जांभळा उजेड, उदबत्ती, पानाचा वास आणि खिशात रुपयाची नाणी. तिथे राजा ‘मुस्तफा’. कॅपकॉमची १९९३ ची ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ हे तिचं नाव मी फार उशिरा वाचलं. अमेरिकन कॉमिकवरून बनवलेल्या त्या गेममध्ये चार पात्रं होती, त्यातला एक मुस्तफा, आणि आपल्या पोट्ट्यांनी अख्खी गेमच त्याच्या नावावर करून टाकली. एका यंत्रावर तिघं खेळायचे. मधूनच जमिनीवर खाण्याची वस्तू मिळायची, ती उचलली की जीव भरायचा. कुणी उचलायची? ज्याचा जीव कमी त्याने, असं ठरायचं आणि कुणीच पाळायचं नाही.

‘पॅकमॅन’ मात्र एकट्यानेच खेळून पाहा, आणि भुतांकडे बघा. तोरू इवातानी यांनी १९८० मध्ये चार भुतं केली आणि चौघांना वेगळा स्वभाव दिला. लाल सरळ पाठलाग करतं. गुलाबी तुमच्या चार घरं पुढची जागा धरतं, म्हणजे वाट अडवतं. निळं तुमची आणि लालची जागा मिळून हिशेब करतं, म्हणून त्याचा नेम लागत नाही. केशरी मागे लागतं खरं, पण फार जवळ आलं की आपल्या कोपऱ्याकडे पळ काढतं. नियम प्रत्येकी एखाद्या ओळीचे, पण खेळताना वाटतं की चौघांनी कट रचलाय. कादंबरीकाराला पात्र उभं करायला पन्नास पानं लागतात. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने २०१२ मध्ये पहिल्यांदा चौदा गेम संग्रहात घेतल्या, त्यात पॅकमॅन होती.

त्या चौदांत एक तऱ्हेवाईक गेमही होती, ‘कातामारी दामासी’. शिल्पकला शिकलेल्या केइता ताकाहाशी यांची, २००४ ची. एक इवलासा राजपुत्र चिकट गोळा ढकलत नेतो. त्याला आधी टाचण्या, बॅटऱ्या चिकटतात, मग मांजरं, मग गाई, शेवटी इमारती. एवढंच. पण मघाशी ज्या टेबलाखालून वाट काढली तेच टेबल गोळ्याला चिकटताना पाहून माणूस मोठ्याने हसतो. मेलबर्नच्या हाउस हाउसची ‘अनटायटल्ड गूज गेम’ (२०१९) याच जातीची. तुम्ही एक त्रासदायक हंस आहात, माळ्याच्या किल्ल्या पळवायच्या आणि नुसतं केकाटायला वेगळं बटण आहे. आपल्या पुण्यातल्या नॉडिंग हेड्सची ‘राजी’ (२०२०) दिसायला देखणी आहे, पहाडी चित्रं आणि छायाबाहुल्यांची आठवण येते. तीही खेळा, पण चित्रांवर थांबू नका.

शेवटी चारचौघांत खेळायच्या गेम. नवी मुंबईच्या गेमशन कंपनीची ‘लुडो किंग’ २०२० च्या टाळेबंदीत घराघरांत पोचली, त्यावर मी वेळ घालवत नाही. मला ‘कीप टॉकिंग अँड नोबडी एक्स्प्लोड्स’ सुचवायची आहे. कॅनडातल्या स्टील क्रेट गेम्सची, २०१५ ची, आता फोनवरही मिळते. एकाच्या हातात फोन, त्यात बॉम्ब. तो फक्त त्यालाच दिसतो. बाकीच्यांकडे बॉम्ब निकामी करायची पुस्तिका, ती कागदावर, आणि त्यांनी पडद्याकडे बघायचं नाही. सगळं बोलण्यावर. गेल्या दिवाळीत आमच्याकडे काकांनी फोन धरला आणि भाचीने इंग्रजी पुस्तिका जागीच मराठीत करत वाचली.

‘तारा किती, काका?’

‘तीन. पिवळी, निळी, काळी.’

‘लाल नाही ना? मग दुसरी कापा.’

तिथपर्यंत ठीक. मग आली विचित्र खुणांची चौकट.

‘आता हे कसं सांगू बाप्पा... जिलेबी आहे, तिला शेपूट आहे.’

‘शेपूट वर का खाली?’

‘थांब, फोन उलटा धरला वाटते मी.’

नियम साधे आहेत, अवघड आहे ते समोरच्याला दिसेल असं बोलणं. आम्ही रेडिओवाले रोज तेच करायला बसतो, म्हणून मला या गेमचं विशेष कौतुक. घरात आजोबा असतील तर पुस्तिका त्यांच्याकडे द्या. ज्यांनी आयुष्यभर सातबारा आणि फेरफार वाचले त्यांना ‘लाल तार एकाहून अधिक असेल आणि अनुक्रमांकाचा शेवटचा आकडा विषम असेल तर’ अशी वाक्यं अजिबात जड जात नाहीत.

पुस्तिका इंटरनेटवर फुकट मिळते. झेरॉक्सच्या दुकानात तिच्या प्रती काढाल तेव्हा दोन पैसे जास्त गेले तरी चालतील, पण एकाच बाजूला छापून घ्या. पाठपोट पानं उलटायला लागलात की वेळ संपतो, आणि पलीकडून काका ओरडत असतात.