एका यंत्राची चाळीस यंत्रे

जून महिना उजाडला की महाविद्यालयांच्या संगणककक्षात एक काम हटकून निघते. चाळीस संगणक असतात. त्या प्रत्येकावर विंडोज, मराठी टंकलेखनाची सोय, हिशेबाची साधने, छपाईयंत्राची जोडणी हे सारे नव्याने बसवायचे असते. एकेका यंत्राला अर्धा दिवस धरला तरी चाळिसांना वीस दिवस झाले. आणि ऑनलाइन परीक्षा तर दाराशी येऊन ठेपलेली! म्हणून जाणती माणसे एकच यंत्र नीट सजवतात आणि त्याची हुबेहूब प्रत बाकीच्या एकोणचाळिसांवर उतरवतात. ह्यालाच क्लोनिंग म्हणतात. मी एम. ए. झालो तो मराठी घेऊन. पण आमच्याकडे कक्षाची देखरेख माझ्याकडे आली ती आलीच. तेव्हा पुढचे सांगणे शास्त्रज्ञाचे नव्हे, काम करणाऱ्याचे आहे.

पेणचे गणपती तुम्ही पाहिलेच असतील. साच्यातून मूर्ती एकसारख्या निघतात, पण डोळ्यांची आखणी प्रत्येक मूर्तीवर स्वतंत्र होते. संगणकाचेही तसेच आहे. विंडोज बसवली की त्या यंत्राला एक लांबलचक ओळखक्रमांक मिळतो. त्याला एसआयडी म्हणतात. सातबाऱ्यावरचा गट क्रमांक समजा ना! नुसती प्रत काढली तर हाच क्रमांक चाळीस ठिकाणी जातो. तो पुसून, प्रत्येक यंत्राला पहिल्याप्रथम सुरू होताना नवा क्रमांक घ्यायला लावणारे साधन मायक्रोसॉफ्टने विंडोजमध्येच ठेवले आहे. त्याचे नाव सिसप्रेप. त्याच्या चौकटीत ‘जनरलाइज’ ह्या शब्दापुढे खूण करायची, शेवटी ‘शटडाउन’ निवडायचे, की झाले.

झाले, असे पुस्तकात असते! प्रत्यक्षात पुष्कळदा पडद्यावर एक रुक्ष वाक्य उमटते: तुमची विंडोज सिसप्रेपला पडताळता आली नाही. बस्स. का आली नाही, ह्याचा तेथे खुलासा नाही; लॉग पाहा, एवढेच सांगितलेले असते.

अशा वेळी कोणीतरी हमखास म्हणतो, “अहो सर, ते सिसप्रेप राहू द्या, तशीच प्रत काढा. काही होत नाही.” हा सल्ला अगदीच निराधार होता असेही नाही. मार्क रसिनोविच ह्या नामांकित तज्ज्ञाने २००९ साली लिहिले होते की, एकाच एसआयडीची दोन यंत्रे असल्याने स्वतःहून काही बिघडत नाही. आणि तो क्रमांक बदलणारे त्याचे न्यूएसआयडी हे साधनही तेव्हा मागे घेतले गेले. सिसप्रेप वापरूच नका, असे मात्र त्याने म्हटले नव्हते. लोकांनी सोयीचे तेवढे लक्षात ठेवले, दुसरे काय! आता तर तीही सोय उरली नाही. २९ ऑगस्ट २०२५ पासूनच्या सुधारणांमध्ये विंडोज ११ च्या २४एच२ व २५एच२ ह्या आवृत्त्या आणि विंडोज सर्व्हर २०२५ हे क्रमांक तपासू लागले. दोन यंत्रांचा क्रमांक एकच निघाला तर ती एकमेकांची ओळख नाकारतात. मग सामायिक फोल्डर उघडत नाही, परवलीचा शब्द बरोबर असून प्रवेश मिळत नाही. परीक्षेच्या सकाळी चाळीस मुले समोर बसली असताना हे व्हावे ह्यासारखी नामुष्की नाही.

तेव्हा दोष शोधलाच पाहिजे, आणि तो शोधता येतो. सिसप्रेप पडद्यावर बोलत नाही, पण रोजनिशी मात्र इमानाने लिहिते. सी ड्राइव्हमध्ये विंडोज, त्यात सिस्टिम३२, त्यात सिसप्रेप आणि त्यात पँथर नावाचा फोल्डर आहे. तेथील ‘सेटअपॲक्ट’ ही लॉग फाइल उघडा आणि शेवटाकडून वर वाचत या. बहुधा अशा अर्थाची ओळ सापडते की, अमुक पॅकेज एका वापरकर्त्यासाठी बसवलेले आहे, पण सर्वांसाठी त्याची तजवीज नाही. सगळ्या भांडणाचे मूळ इथे आहे, बरं का.

हे होते कसे? विंडोजबरोबर येणारी काही ॲप्स सर्व वापरकर्त्यांच्या नावाने ठेवलेली असतात. यंत्र इंटरनेटला जोडलेले राहिले की मायक्रोसॉफ्ट स्टोअर आपणहून त्यांच्या नव्या आवृत्त्या आणते, पण त्या आणते फक्त त्या वेळी आत असलेल्या वापरकर्त्यापुरत्या. सामायिक कोठीत एक आणि एकाच्या ताटात दुसरे, असा प्रकार. साऱ्यांसाठी साचा करायला बसलेली सिसप्रेप मग अडून बसते. आणि तिचे चुकते असे मला वाटत नाही.

उपाय करताना आधी नेटची तार काढा. नाहीतर एकीकडे तुम्ही काढत आहात आणि दुसरीकडे स्टोअर भरत आहे, असा खेळ चालायचा. मग पॉवरशेल प्रशासकाच्या अधिकाराने उघडा. ‘गेट-ॲपएक्सपॅकेज’ ही आज्ञा ‘ऑलयूजर्स’ जोडून दिली की ते पॅकेज कोणाच्या खात्यात आहे ते कळते. लॉगमधले पूर्ण नाव जसेच्या तसे उचलून ‘रिमूव्ह-ॲपएक्सपॅकेज’ ह्या आज्ञेने ते काढा. सामायिक कोठीतही त्याची प्रत असेल तर ती ‘रिमूव्ह-ॲपएक्सप्रोव्हिजन्डपॅकेज’ ने काढा. पॅकेज भलत्याच जुन्या खात्यात अडकले असेल, तर ते खाते प्रोफाइलसकट काढून टाकणे बरे. सिसप्रेप पुन्हा चालवा. ती पुन्हा अडली तर निराश होऊ नका. एक नाव गेले की दुसरे पुढे येते. लॉग पुन्हा वाचायचा, एवढेच.

कधी लॉगमध्ये बिटलॉकरचे नाव दिसते. म्हणजे डिस्क कुलूपबंद आहे. सेटिंग्जमधून ते कूटलेखन बंद करा आणि डिस्क पूर्ण मोकळी होईपर्यंत थांबा. अर्ध्यावर घाई करून उपयोग नाही. रजिस्ट्रीतले दोन आकडे बदलले की सिसप्रेप चालते, असाही एक तोडगा सांगितला जातो. लॉग न वाचता त्याच्या नादी लागू नये. ताप का आला ते न पाहता तापमापक फोडण्यातला तो प्रकार आहे.

नव्याने साचा करणार असाल तर हा सारा व्याप टळू शकतो. विंडोज बसवल्यावर ती प्रथम देश आणि भाषा विचारते. तेथेच कंट्रोल, शिफ्ट आणि एफ३ ह्या कळा एकदम दाबा. यंत्र ऑडिट मोडमध्ये जाते. नेट न जोडता सारी साधने तेथेच बसवा.

सिसप्रेप सुरळीत पार पडून यंत्र बंद झाले की ते चुकूनही नेहमीसारखे सुरू करू नका. केले की नवी ओळख त्यालाच मिळते आणि साचा राहत नाही. क्लोनझिलाची पेनड्राइव्ह लावून तिच्यावरूनच यंत्र चालू करा आणि प्रत घ्या. क्लोनझिला हे तैवानच्या राष्ट्रीय संगणन केंद्रातून आलेले साधन आहे आणि त्याला पैसे पडत नाहीत.

प्रथम दोनच यंत्रांवर प्रत उतरवा. दोन्हींवर साध्या स्थानिक खात्याने आत जाऊन कमांडच्या खिडकीत ‘हू-ॲम-आय’ ही आज्ञा ‘यूजर’ जोडून द्या. जो लांब क्रमांक येईल त्याचा शेवटचा तुकडा सोडून बाकीचे आकडे दोन्ही यंत्रांचे ताडून पाहा. ते वेगळे असतील तर उरलेल्या यंत्रांना हात घालायला हरकत नाही.