पोर वयात येते तेव्हा

(रात्रीच्या वर्गापुढे केलेले भाषण)

मंडळी, आज जरा अवघड गोष्ट बोलायची आहे. बायामाणसं आणि पुरुष एकत्र बसले आहेत, पण कुणी मान खाली घालू नका. ज्यांच्या घरी बारा-तेरा वर्षांचं पोर आहे, मग मुलगा असो की मुलगी, त्यांनी थोडं पुढे सरकून बसावं.

शहरात मुलगा आणि मुलगी ठरवून भेटतात. चहा पितात, सिनेमा बघतात, मन जुळतं का ते पाहतात. तिकडे त्याला डेटिंग म्हणतात. आपल्या पोराला हे कोणत्या वयात करू द्यावं, असा विचार तिथले आईबाप करतात. तुम्ही म्हणाल, आपल्या गावात असलं काही नाही. बरं. पण सकाळी एस्टीच्या थांब्यावर उभं राहून बघा. शाळेला जाणारी पोरं तिथं असतात. कोण कुणाकडे बघतं, कोण कुणासाठी एक गाडी सोडून देतं, ते तुम्हाला कळेल. रात्री पांघरुणात मोबाइलचा उजेड दिसतो, तोही तुम्ही पाहिला असेल. आपल्याकडे गोष्टीला नाव नाही, एवढंच.

मग हा प्रश्न आपल्या आज्या-पणज्याला का पडला नाही? कारण त्यांच्या घरी ही वर्षंच नव्हती. पोरीला पदर यायच्या आत तिच्यावर अक्षता पडत. मुंबईच्या रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी झालं. मोठ्या झाल्यावर त्यांनी नांदायला जायचं नाकारलं. 1887 साली कोर्टानं सांगितलं, नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. त्या म्हणाल्या, तुरुंग चालेल. पुढे तडजोड झाली, आणि या बाई शिकून डॉक्टर झाल्या. त्या काळी सारा देश या खटल्याबद्दल बोलत होता.

त्यानंतर कायदे आले. 1929 च्या कायद्यानं मुलीचं लग्नाचं वय चौदा ठरलं. 1978 साली ते मुलीला अठरा आणि मुलाला एकवीस झालं. आता हिशेब करा. पदर येतो बाराव्या-तेराव्या वर्षी. लगीन अठराच्या पुढं. मधे पाच-सहा वर्षं उरली. ही वर्षं नवी आहेत. या वर्षांत पोरांशी कसं वागायचं, हे वाडवडिलांनी सांगून ठेवलेलं नाही. ते कुठून सांगणार? म्हणून आपण गोंधळतो. आणि गोंधळलेला माणूस घाई करतो.

घाई कशी होते ते आम्ही जवळून पाहिलं आहे. बीडकडची माणसं ऊसतोडीला जातात. नवरा आणि बायको मिळून एक कोयता. दिवाळीच्या सुमारास गेलेली माणसं उन्हाळ्याच्या तोंडावर परत येतात. वयात आलेली पोर मागं कुणाच्या भरवशावर ठेवायची? म्हातारीला दिसत नाही, शेजाऱ्याचा भरवसा नाही. मग बाप म्हणतो, देऊन टाकू. हा बाप वाईट नाही. त्याला भीती वाटते, आणि भीती खोटी नाही. अशा मुलांसाठी हंगामी वसतिगृहं निघाली, ती त्यासाठीच. तरीसुद्धा 2019 ते 2021 या काळात सरकारी पाहणी झाली, तेव्हा आपल्या राज्यात वीस ते चोवीस वर्षांच्या शंभर बायांमागे सुमारे बावीस जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं.

आता आमच्याच हातून झालेली चूक सांगतो. गावाचं नाव सांगत नाही.

एका घरी मुलगी दहावीला होती. बापाच्या हाती तिचा मोबाइल लागला. त्यात एका मुलाचे निरोप होते. बापाला वाचता येत नव्हतं. त्यानं शेजारच्या पोराला बोलावलं आणि म्हणाला, "वाच रं." पोरानं वाचलं, "फोटो पाठव." पुन्हा वाचलं, "एक तरी फोटो पाठव." बापाच्या डोक्यात जाळ झाला. दुसऱ्या दिवसापासून शाळा बंद. मोबाइल ट्रंकेत, ट्रंकेला कुलूप. आठ दिवसांत पाहुणे बघायला यायचे ठरले.

आईनं आम्हांला निरोप धाडला. आम्ही गेलो आणि ओसरीवर बसल्याबसल्या कायदा सांगू लागलो. बालविवाह केला तर दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी, एक लाखापर्यंत दंड. ग्रामसेवक लग्न थांबवू शकतात. 1098 या नंबरावर कुणीही फोन लावू शकतो. सगळं खरं होतं. पण बाप उठला आणि म्हणाला, "गुरुजी, तुमची पोर असती तर?" आणि आत निघून गेला. आम्हांला उत्तर सुचलं नाही. कायदा आधी काढायला नको होता. त्याची भीती आधी ऐकून घ्यायला हवी होती.

मग अंगणवाडीच्या ताई आईला घेऊन मुलीजवळ बसल्या. दोन तास पोर बोलली नाही. शेवटी म्हणाली, "आई, मी तुला सांगणार हुते. पर सांगितलं असतं तर शाळा बंद झाली असती. म्हणून गप राहिले. आता तशीबी बंदच झाली."

मंडळी, हे वाक्य ऐकून आम्ही तिथंच गप्प झालो. आपण विचारतो, पोर कधी तयार होते? पण पोरीनं येऊन सांगितलं तर ऐकून घ्यायला आपण तयार आहोत का?

आमचं मत विचाराल तर असं आहे. चारचौघांत मुलामुलींनी बोलावं, एकत्र अभ्यास करावा, याला पंधरा-सोळाव्या वर्षी हरकत नसावी. बोलणं म्हणजे बिघडणं नव्हे. पण चोरून भेटणं, अंगाला हात लावणं, हे त्या वयाचं काम नाही. कोवळ्या अंगाला बाळंतपण झेपत नाही. त्यात आईचा जीव जातो, लेकरू कमी वजनाचं होतं. आणि मुलांच्या आईबापांनो, तुम्हीही ऐका. लोक पोरीवर नजर ठेवतात आणि पोरगा मोकाट सोडतात. 2012 च्या पॉक्सो कायद्यानं अठराच्या आतल्या मुलीचा होकार हा होकार धरला जात नाही. ती राजीखुशीनं आली होती, असं म्हणून सुटका होत नाही. एकोणीस वर्षांचं पोर त्यात तुरुंगात जातं. हे त्याला पोलिसानं सांगायच्या आधी बापानं सांगावं.

तयारी वयावरून थोडीफार कळते, पण सगळी कळत नाही. मुलाला कुणी "नाही" म्हटलं तर तो ते ऐकून गप्प बसतो, की रागानं लाल होतो? मुलीला न घाबरता "नाही" म्हणता येतं का? कुठं जाते, कुणाबरोबर जाते, हे ती घरी आपणहून सांगते का? अंगात काय बदल होतात, दिवस कसे राहतात, हे तिला आईनं सांगितलं आहे, की मोबाइलनं? ज्या पोराला यातलं काहीच येत नाही, ते पंचवीस वर्षांचं झालं तरी कच्चंच. म्हणून अठरा पुरी झाली की त्याच महिन्यात बोहल्यावर चढवा, असाही अर्थ कुणी काढू नये.

त्या घरी पुढं काय झालं? पाहुणे आले नाहीत. आईनंच निरोप धाडून नको म्हणून कळवलं. बाप महिनाभर आमच्याशी बोलला नाही. मग एके रात्री वर्गाच्या दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, "दुसऱ्याच्या डोळ्यानं वाचून घेतलं, तिथं फसलो. मला अक्षर शिकवा." पाटी घेऊन मागच्या ओळीत बसला. मुलगी तोवर शाळेत जाऊ लागली होती. बुडालेला अभ्यास बाईंनी भरून काढला.

तीन महिन्यांनी त्यानं ट्रंक उघडली आणि मोबाइल चार्ज केला. पोरीला समोर बसवलं. बोट ठेवून एकेक अक्षर लावत वाचू लागला. गणिताची वही. उद्याची गाडी. मग "फोटो पाठव" आलं. त्याच्याखाली पोरीचं उत्तर होतं. शेजारच्या पोरानं ते वाचूनच दाखवलं नव्हतं. बापानं दोन अक्षरं जुळवली. न. को. "नको." पुन्हा खाली "एक तरी फोटो पाठव", आणि पुन्हा "नको."

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग पोरीला म्हणाला, "हे मला तवाच का न्हाई दावलंस?" पोर म्हणाली, "तुम्ही इचारलं न्हाई, आबा."

ती आता अकरावीला आहे. एस्टीनं तालुक्याला जाते. मोबाइल कोनाड्यात असतो, त्याला कुलूप नाही. आबा अजून वर्गाला येतात. जोडाक्षरांशी त्यांचं अजून भांडण आहे.