सुदानची लढाई व नांगरवाल्यांचा तह
(शेतकरी-कारागिरांच्या सभेंतील भाषण)



दोन रेडे झुंजले म्हणजे नाश होतो तो पायाखालच्या पिकाचा, हें तुम्हांस आम्हीं सांगावयास नको. आज आफ्रिकेतील सुदान देशाच्या अशाच झुंजीविषयीं चार शब्द बोलतों.

ही लढाई १५ एप्रिल २०२३ रोजीं पेटली. एकीकडे सरकारी फौजेचे सेनापति बुऱ्हान, दुसरीकडे निमलष्करी दलाचे सरदार दगालो. हे दोघे पूर्वींचे वैरी होते काय? मुळींच नाहीं! २०१९ सालीं रयत रस्त्यावर उतरली आणि बशीर या हुकूमशहाची तीस वर्षांची सत्ता गेली. पुढें ऑक्टोबर २०२१ मध्यें या दोघांनींच मिळून मुलकी कारभार उलथून टाकला. मग दगालोची फौज कोणाच्या हुकमांत राहावी, यावरून ते एकमेकांच्या उरावर बसले. भांडण सरदारांचें, मरण रयतेचें!

निळ्या व पांढऱ्या नाईल नद्यांमध्यें गेझीरा प्रांत आहे. १९२५ सालच्या सेन्नार धरणाचे पाट पुढें वाढत सुमारें २२ लाख एकरांपर्यंत पोंचले. तेथें कापूस, गहूं, ज्वारी पिकते. डिसेंबर २०२३ मध्यें दगालोचें सैन्य तेथें शिरलें आणि कुणब्यांचें धान्य व अवजारें लुटलीं गेलीं. जानेवारी २०२५ मध्यें सरकारी फौजेनें मुख्य शहर वाद मदनी परत घेतलें, पण बुडालेला हंगाम कोण परत देणार? त्याआधीं ऑगस्ट २०२४ मध्येंच दारफूरच्या झमझम छावणींत दुष्काळ जाहीर झाला होता. लाखों माणसें चाड, इजिप्त व दक्षिण सुदानांत पळालीं. बाहेरून शस्त्रें येत राहिलीं. सोन्याच्या खाणींनीं त्यांची किंमत भरली.

मग तह कां होत नाहीं? मे २०२३ मध्यें जेद्दा येथें दोन्ही पक्षांनीं रयतेस इजा न करण्याचें वचन सहीनिशीं दिलें. तें कागदावरच राहिलें. ऑक्टोबर २०२५ मध्यें एल फाशेर पडलें तेव्हां तेथें निःशस्त्रांची कत्तल झाली. बांधाच्या भांडणांत काठ्या चालविणारे दोघेच पंच झाले, तर न्याय होईल काय? २००५ सालचा तह पाहा. उत्तर-दक्षिणेची एकवीस-बावीस वर्षांची लढाई त्यानें थांबविली, हें खरें. पण सत्ता बंदूकवाल्यांतच वांटली गेली. २०११ सालीं दक्षिण सुदान स्वतंत्र झाला आणि २०१३ सालीं तेथेंही आपसांत रक्त सांडलें.

तरीही आम्ही निराश नाहीं. लढाई चालू असतां सुदानी तरुणांनीं व बायाबापड्यांनीं मोहल्ल्यामोहल्ल्यांत सामायिक चुली पेटवून भुकेल्यांस जेवूं घातलें. सरदारांनीं मोडलेला देश त्यांनीं हातानें धरून ठेविला. तहाच्या बैठकींत पहिला पाट या लोकांचा असला पाहिजे. शस्त्रांची वाट बंद व्हावी, धान्याची उघडी राहावी आणि पेरणाऱ्यास बोलण्याचा हक्क मिळावा. शांततेचा पाया हाच.

म्हणून बंधूंनो, कोठेंही तह झाल्याची बातमी ऐकाल तेव्हां एकच विचारा : सही करावयास नांगरवाला बसला होता काय?