पाण्याचा सातबारा कोणाच्या नावावर?

(येलदरी इथल्या युवक शिबिरात केलेलं भाषण)

दोस्तहो,

समोर धरण आहे. पूर्णा नदीवरचं, १९६८ साली पुरं झालेलं. भरलं की सुमारे ९३४ दशलक्ष घनमीटर पाणी, म्हणजे ३३ टीएमसी. पायथ्याला साडेबावीस मेगावॅटचं वीजघर. हे आकडे पाठ करा. साहेब लोक आपल्याला आकड्यांनीच गप्प बसवतात.

येलदरीचं पाणी वीजघरातून नदीत सुटतं, खाली सिद्धेश्वर धरणात अडतं आणि तिथून कालव्यानं परभणी, हिंगोली, नांदेडच्या रानात शिरतं. पाणी उताराकडं वाहतं, हा निसर्गाचा नियम. पण चारीवर आलं की ते सातबाऱ्याकडं वाहतं. हा माणसानं केलेला नियम. त्याबद्दल बोलायला मी उभा आहे.

कालव्याचं पाणी मिळतं कसं? खातं हंगामाआधी अर्ज मागवतं, नमुना नंबर सात. त्यात गट नंबर, पीक, क्षेत्र. किती पाळ्या सोडायच्या ते कालवा सल्लागार समिती ठरवते. मग शेजपाळीनं पाणी. आता सांगा, ज्याला गटच नाही त्यानं अर्जात काय लिहावं? बापाचं नाव?

२००५ साली कायदा झाला, सिंचनाचं व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या हाती द्यायचा. पाणीवापर संस्था निघाल्या. सभासद कोण? लाभक्षेत्रातला जमीनधारक. त्याच साली जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा आला, समन्यायी वाटपाची भाषा आली. त्या जोरावर नाशिक-नगरच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडायचं भांडण कोर्टापर्यंत गेलं. वरच्यानं खालच्याला पाणी द्यावं, हे रास्तच आहे. मराठवाड्यानं ते मागावं, हेही रास्त. पण मराठवाडा म्हणजे कोण? जिल्ह्याजिल्ह्यांत समन्याय, आणि गावात? वाड्याच्या विहिरीपासून वस्तीच्या हापशापर्यंत यायच्या आत हा समन्याय वाटेतच मुरतो.

१९७२ च्या दुष्काळात लाखो माणसांनी खडी फोडली, पाझर तलाव खणले. त्यात आपल्या आयाबाया होत्या. तलावाचं पाणी मुरलं ते कोणाच्या विहिरीत? ज्याचं रान खाली होतं, ज्याची मोटार होती, त्याच्या. डोक्यावर पाटी आपल्या, पाझर त्यांच्या. आपल्या लोकांनी गायरानं कसली. १९९१ च्या शासन निर्णयानं १४ एप्रिल १९९० पर्यंतचे ताबे कायम करायचं ठरलं. तरी कित्येकांचे कागद कचेरीतच पडून राहिले. कागद नाही म्हणून जमीन नाही, जमीन नाही म्हणून पाणी नाही. मग कोयता घेऊन दुसऱ्याचा ऊस तोडायला जायचं.

याच नदीवर वरच्या अंगाला, बुलडाण्यात, खडकपूर्णा धरण आहे. त्याच्या जलाशयाला नाव दिलंय संत चोखासागर. चोखोबाला देवळाच्या आत घेतलं नाही, नाव मात्र पाण्याला दिलं. आम्हाला नाव नको असं नाही. आम्हाला नावासकट वाटा पाहिजे.

कोणी म्हणेल, भूमिहीनाला पाणी कशाला, ते काय उशाला घेऊन झोपणार? त्याला पुरंदरचं नायगाव दाखवा. १९७२ च्या दुष्काळानंतर तिथं विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीच्या हिशेबानं नाही, घरातल्या माणशी. भूमिहीनालाही हक्क. उसाला बंदी. झालं ना हे महाराष्ट्रातच? बाबासाहेबांनी १९२७ ला महाडच्या तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. १९४२ ते ४६ मध्ये तेच बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते आणि दामोदर खोऱ्याच्या आखणीत होते. ओंजळीपासून खोऱ्यापर्यंत हा एकच रस्ता आहे. आपण मात्र ओंजळीपाशी थांबलो. दर वीस मार्चला महाडला जातो, कालव्यावर जात नाही.

मी गोदीत हमाली करतो. बोटीतून माल उतरला की नगानगाची टॅली होते. एक पेटी कमी भरली तरी बोंब होते. मग पाण्याची टॅली वस्तीनं का ठेवू नये? पाळी कधी सुटली, किती दिवस चालली, कोणत्या चारीला पोचली, शेवटाला कोण कोरडं राहिलं, सगळं वहीत लिहा. माहितीच्या अधिकारात खात्याची नोंदवही मागा. दोन वह्या शेजारी ठेवा. मग मागणी मांडा: पाणी माणशी, गायरानधारकाला अर्जाचा हक्क, पाणीवापर संस्थेत भूमिहीन बायामाणसं सभासद.

भाषणानं चारी फुटत नाही, हे मला ठाऊक आहे. पुढची पाळी सुटेल तेव्हा वह्या घेऊन कालव्यावर भेटू.

जयभीम.