लुईझाला दिसलेली आग



'गणित डोक्यात शिरत नाही', 'तो माणूस मनातून उतरला' असं आपण रोज बोलतो. असं बोलताना आपण डोक्याला भांडं समजतो आणि आदराला उंची देतो, पण ते जाणवत नाही. जॉर्ज लेकॉफ आणि मार्क जॉन्सन यांनी १९८० साली 'मेटाफर्स वुई लिव्ह बाय' या पुस्तकात नेमकं हेच दाखवलं. रूपक हा भाषेवर चढवलेला दागिना नाही, आपण विचारच रूपकांतून करतो. संज्ञानात्मक भाषाविज्ञानातला हा महत्त्वाचा विचार कादंबरीतली माणसं समजून घ्यायला किती उपयोगी पडतो, ते चार्ल्स डिकन्सच्या 'हार्ड टाइम्स'वरून सांगतो.

ही कादंबरी १८५४ सालची. कोकटाउन हे धुरानं काळवंडलेलं गिरणगाव. तिथल्या ग्रॅडग्राइंडसाहेबांचं बोट चौकोनी, कपाळ चौकोनी, कोटही चौकोनी. त्यांच्या लेखी शाळेतली मुलं म्हणजे रांगेत मांडलेली भांडी, वस्तुस्थितीनं काठोकाठ भरायची. सर्कशीतल्या घोडेवाल्याची मुलगी सिसी त्यांना फक्त वीस नंबरची विद्यार्थिनी म्हणून दिसते. गावातले मालक तर कामगारांना नुसते 'हात' म्हणतात. अवयवाच्या नावानं माणसाला ओळखायची ही लक्षणा. ती रोज तोंडात बसली की त्या हातांमागचं पोट आणि मन दिसेनासं होतं.

पण खरा कस लागतो तो पहिल्या भागाच्या पंधराव्या प्रकरणात. ग्रॅडग्राइंड आपल्या लेकीला, लुईझाला, गिरणीमालक बाउंडरबीचं स्थळ सांगतात. ती विशीची, तो पन्नाशीचा. बापाकडे उत्तर तयार आहे: विषम वयाच्या विवाहांची आकडेवारी. त्यात ब्रिटिश हिंदुस्थानचाही दाखला आहे! लुईझा खिडकीतून गिरण्यांच्या धुराड्यांकडे बघत म्हणते, दिवसा तिथे मरगळलेला धूर तेवढा दिसतो, पण रात्र झाली की आग उसळते. ही तिच्या मनाची अवस्था आहे. तिला 'मन' हा विषयच कधी शिकवलेला नाही, म्हणून ती धुराड्यांचा आधार घेते. आणि बाप म्हणतात, या बोलण्याचा इथे संबंध काय? त्यांना धूर कळतो, आगही कळते. धुराड्याकडून मुलीच्या मनाकडे जाणारी वाट मात्र त्यांच्या डोक्यात नाही. ते दुष्ट नाहीत, लेकीवर त्यांची माया आहे. म्हणून तर हे प्रकरण वाचताना जीव कासावीस होतो.

आता बाउंडरबीचं घर सांभाळणारी मिसेस स्पार्सिट. लुईझाचं लग्न झाल्यावर ही बाई मनात एक जिना उभा करते आणि त्यावरून लुईझा पायरी-पायरीनं बदनामीच्या खाईकडे उतरताना बघत बसते. अधःपात म्हणजे खाली जाणं, हे रूपक तिच्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की मुसळधार पावसात भिजत ती लुईझाच्या मागावर राहते. प्रत्यक्षात लुईझा प्रियकराकडे जातच नाही, ती बापाच्या घरी येते. जिना होता तो फक्त स्पार्सिटबाईंच्या मनात. आणि बापासमोर कोसळण्याआधी लुईझा जे बोलते, ते ऐकताना ग्रॅडग्राइंडना प्रथमच धुराड्यातल्या आगीचा अर्थ लागतो.

डिकन्सची माणसं वरवरची, एकाच रंगात रंगवलेली, ही तक्रार फार जुनी आहे. मला ती पटत नाही. प्रत्येकाला त्यानं विचाराची एक चौकट दिली आणि त्या चौकटीत काय मावत नाही तेही दाखवलं. खोली तिथेच आहे. 'हार्ड टाइम्स' हाती आली तर ते पंधरावं प्रकरण सावकाश वाचा, आणि बापलेकींपैकी कोण कशाला काय म्हणतं, एवढंच टिपत चला.