नवं लिव्हर, नवी ॲलर्जी

आजचा एपिसोड कोडिंगचा नाही, घरचा आहे.

माझा भाचा चार वर्षांचा. जन्मापासून त्याच्या पित्तनलिका बंद. बिलिअरी अट्रेझिया म्हणतात त्याला. एक वर्षाचा असताना ताईने स्वतःच्या लिव्हरचा तुकडा त्याला दिला. सगळं छान चाललं होतं.

गेल्या आषाढी एकादशीला तो माझ्याकडे होता. साबुदाण्याची खिचडी चारली. आधीही कितीदा खाल्लेली. पण दहा मिनिटांत ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, छातीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. मी काय केलं? सेट्रिझिनचं सिरप दिलं आणि वाट बघत बसलो. वीस मिनिटं! उलटी होऊन तो गळून गेला, तेव्हा रिक्षा पकडली. हॉस्पिटलमध्ये मांडीत ॲड्रेनॅलिन दिलं, मग कुठे श्वास मोकळा झाला.

कारण निघालं खिचडीतला दाण्याचा कूट.

डॉक्टर म्हणाले, लहानपणी लिव्हर ट्रान्सप्लांट झालेल्या मुलांमध्ये हे दिसतं. अन्नाची ॲलर्जी, एक्झिमा, दमा नव्याने सुरू होतो. शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस देतात. ते टी-पेशींना आवरतं, पण सगळ्यांना सारखं नाही. ॲलर्जीकडे झुकणारी बाजू तुलनेने मोकळी राहते, असं मानलं जातं. शिवाय आतड्याचं अस्तर जास्त पाझरतं.

कधीकधी ॲलर्जी दात्याकडूनही येते. फ्रान्समधली अशी एक केस १९९७ मध्ये छापून आली होती. शेंगदाण्याच्या ॲलर्जीने गेलेल्या तरुणाचं लिव्हर ज्याला बसवलं, त्यालाही तीच ॲलर्जी झाली. आमची ताई मात्र दाणे मजेत खाते.

हे ऐकून आई म्हणाली, “मग बंद करा ना ते औषध!” खरं सांगू, माझ्याही मनात तेच आलं होतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, मनाने एक डोससुद्धा चुकवायचा नाही, लिव्हर जाईल. रक्तातली पातळी बघून डोस कमी करायचा, सोबत मायकोफेनोलेट द्यायचं की औषधच बदलायचं, हे ट्रान्सप्लांटची टीम ठरवते.

दम्यासाठी स्पेसर लावून इनहेलर चालू आहे. पण छाती वाजली की आधी इन्फेक्शन नाही ना, ते तपासतात, कारण या मुलांची प्रतिकारशक्ती दाबलेली असते. दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो तरी टॅक्रोलिमसचं नाव आधी सांगतो. क्लॅरिथ्रोमायसिनसारख्या अँटिबायोटिकने त्याची पातळी चढते.

ओमॅलिझुमॅब नावाचं इंजेक्शनही आहे. अमेरिकेत २०२४ मध्ये एक वर्षावरच्या मुलांच्या अन्नाच्या ॲलर्जीसाठी ते मंजूर झालं. चुकून पोटात गेलं तर रिॲक्शन सौम्य व्हावी, एवढंच त्याचं काम. पथ्य सुटत नाही.

आता आमच्या घरात कूट नाही. ॲड्रेनॅलिनचा अँप्यूल, सिरिंज आणि वजनानुसार डोस लिहिलेला कागद एका डब्यात असतो. तो डबा त्याच्यासोबत शाळेतही जातो. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत कसं टोचायचं, ते डॉक्टरांनी आम्हा सगळ्यांना शिकवलंय. टोचल्यावरही हॉस्पिटल गाठायचंच, कारण काही तासांनी रिॲक्शन परत उसळू शकते.

तुमच्या ओळखीत असं मूल असेल, तर त्याला काही खायला देण्याआधी विचारा. आणि श्वास अडकला तर सिरप देऊन थांबू नका. मी थांबलो होतो.

भेटू पुढच्या आठवड्यात!